अक्रोडाची फळी

ती फळी अजून माझ्या घरात आहे, त्यामुळे ती घटना आठवायला मला जुनी डायरी काढावी लागत नाही. हातभर लांब, वीतभर रुंद फळी. वर अक्रोडाच्या लाकडाचा थर, खाली प्लाय. नोकरीत मी खुनाचे तपास केले, दरोड्याचे केले. त्यांतले बरेचसे आता डोळ्यांपुढे येत नाहीत. ही फळी येते.

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. मूळचा गगनबावड्याकडच्या एका वाडीतला. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. पदवीचं प्रमाणपत्र काच लावून बैठकीच्या खोलीत टांगलं होतं. आजही आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे. हे इथे का सांगतो ते पुढे कळेल.

एका सकाळी ठाणे अंमलदाराने एका फिर्यादीला माझ्याकडे पाठवलं. फाउंड्रीचे मालक होते. नव्या बंगल्याच्या हॉलमध्ये त्यांनी अक्रोडाच्या लाकडाची जमीन करून घेतली होती. काम शहरातल्याच एका सुताराने केलं होतं. बसवली तेव्हा जमीन काळसर तपकिरी होती, पाय ठेवायला संकोच वाटावा अशी. दीड वर्षात पश्चिमेच्या मोठ्या काचेसमोर ती पार उतरली.

"पाणी घातलेल्या चहागत दिसाय लागलीया," ते म्हणाले. "साधं लाकूड रंगवून माझ्या गळ्यात मारलंय त्यानं."

त्याच दुपारी आमचा जुना खबरी आला. लाकडाचा व्यापारी. न विचारता म्हणाला, "त्या सुतारानं अक्रोड आणलंच न्हाई साहेब. आणलं असतं तर आमच्या पेठेत कळलं नसतं व्हय?" सुताराने त्याच्याकडून माल घेणं बंद केलं होतं, हे मला फार उशिरा समजलं. खबर कोण देतो यापेक्षा का देतो हे आधी बघावं, असं मी नव्या फौजदारांना शिकवत असे. स्वतः पाळलं नाही.

पंचनाम्याला गेलो. हॉलमधला दिवाण हलवला तर त्याखाली गडद चौकोन, बाकी जमीन फिकी. मला वाटलं, गुन्हा इथेच उघडा पडला. ऊन लागलं तिथला रंग उडाला, झाकलं होतं तिथला राहिला. मुळात रंगच नसता तर उडालं काय? दोन्ही पंचांनी माना हलवल्या. एक फळी उचकटून घेतली. तिच्या कडा गोंद आणि धुळीने इतक्या माखल्या होत्या की मूळ लाकूड कसलं ते समजत नव्हतं. फळी कापडात गुंडाळली, सुतळी बांधली, लाखेचं सील केलं.

दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावलं. चाळिशीचा, सातवी पास, हाताला जुन्या जखमांचे वण. माझ्या टेबलाच्या कडेवरून नकळत बोटं फिरवत होता. आमचा हवालदार त्याला म्हणाला, "अक्रोड आम्ही फोडून खातो पावणं, तुम्ही अंथरायला लागलासा?" सगळे हसले. सुतारही हसला. त्याला अजून अंदाज नव्हता.

"साहेब, ह्ये लाकूड उलट्या खोडीचं हाय," तो म्हणाला. "आपलं सागवान, शिसव उन्हानं काळवंडतंय. ह्ये उन्हात ठेवलं की फिकं पडतंय. पण नुसतं वरनं."

"हे मालकांना आधी सांगितलं होतं?"

"न्हाई. मलाच म्हाईत नव्हतं. पयल्यांदाच काम केलंतं ह्या लाकडात. माझ्या खिडकीतला नमुना फिका पडला तवा कळलं."

"म्हणजे नमुनाही रंगवलेलाच," मी म्हणालो.

तो गोंधळला. मग त्या लाकडाविषयी बोलू लागला, जसा एखादा आपल्या मुलीविषयी बोलतो. रंध्याखाली लोण्यासारखं चालतं, पण एकदा वाळवून बसवलं की आपल्या ओल्या-कोरड्या हवेत फार हलत नाही. रेषा अशा की पॉलिश मारलं की पाण्यावरच्या लाटांसारख्या उठून दिसतात. टाचेच्या चपलेनं खड्डा मात्र पडतो, हे त्यानं मालकांना सांगितलं होतं. "तुमच्या जुन्या बंदुकीचा दस्ता बी ह्याचाच असतोय साहेब. धक्का सोसतंय, फाटत न्हाई."

"मी तो दस्ता खांद्याला लावून शिकलोय," मी म्हणालो. "तो कधी फिका पडला नाही."

"ती तेल पाजून कुलपात ठेवलेली असती साहेब. उन्हात कुठं असती?"

मागे हवालदार फिसकन हसला. ते हसणं मला लागलं. आमच्या घरचा नांगर, जू, दारं, सगळं उन्हापावसात काळं पडत गेलेलं मी लहानपणापासून बघितलं होतं. वर पदवी. आणि सातवी पास माणूस मला लाकूड शिकवतो.

त्यानं हात जोडले. "एक करा. त्या फळीवर मला रंध्याचे दोन हात मारू द्या. रंग असंल तर आत पांढरं निघंल, मग मला आत टाका. अक्रोड असंल तर आत पयल्यासारखं निघंल."

"सील केलेल्या मुद्देमालाला आरोपी हात लावत नाही," मी सांगितलं. नियम खरा होता. पण तीच फळी तज्ज्ञाकडे पाठवायला एक पत्र पुरलं असतं. अहवालाला महिने लागतात, म्हणून ते पत्र मी लिहिलं नाही.

त्याच्याकडे लाकूड खरेदीची पक्की पावती नव्हती. वर्कशॉपचं बिलबुक मागवलं तर ते त्याच्या वडिलांच्या नावाचं. मला धागा मिळाला. वडिलांना बोलावलं.

म्हातारा धोतर-टोपीत आला. साठ वर्षं हातात रंधा धरलेला माणूस. पोरानं "बसा आप्पा" म्हणत उठून खुर्ची दिली, तरी तो बाकावर बसला. मी विचारलं, "मिस्त्री, लाकूड उन्हात फिकं पडतं की काळं?"

त्यानं पोराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खोटं बोलायची सवय नव्हती. "काळं पडतंय साहेब. फिकं पडल्यालं मी तरी बघितलं न्हाई. पण ह्ये लाकूड माझ्या हातात आल्यालं न्हाई, रंधा मारल्याबिगर..."

"विचारलं तेवढंच सांगायचं," मी म्हणालो. आणि जबाबात तेवढंच लिहून घेतलं.

मग सुताराकडे वळलो. आवाज चढवला नाही. मी कधीच कुणावर हात उचलला नाही, याची मला घमेंड होती. शांतपणे म्हणालो, "बिलबुक आप्पांच्या नावाचं आहे. फसवणूक झाली असेल तर ती त्यांच्या नावावर झाली. आता आरोपी त्यांना करावं लागेल. त्यांचं वय बघता कोठडीत जरा त्रास होईल."

सुतार बापाच्या पायांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "लिव्हा साहेब. मीच लाकूड बदललं. आप्पांना कायबी म्हाईत न्हाई."

म्हाताऱ्यानं विचारलं, "खरं?"

पोरानं मान खाली घातली. नुसतीच होकाराची मान हलवली.

म्हातारा उठला. दारात थांबून मला नमस्कार केला, पोराकडे बघितलं नाही. "आमच्या चार पिढ्यांत ह्ये झालं नव्हतं," एवढं बोलून गेला.

पोलिसांपुढची कबुली न्यायालयात टिकत नाही, हे मला माहीत होतं. पण ती टिकायची वेळच आली नाही. सुतारानं मोठं रंधा मशीन विकून फिर्यादीची भरपाई केली, न्यायालयाच्या परवानगीनं तडजोड झाली. मला वरिष्ठांची शाबासकी मिळाली. हवालदारानं भडंग आणलं. आम्ही खाल्लं.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी मी निरीक्षक म्हणून त्याच ठाण्यात परत आलो. मुद्देमालाची खोली साफ करायची होती. ज्या वस्तूंची विल्हेवाट लावण्याचे आदेश आले होते त्या कारकून बाहेर काढत होता. त्यात ही फळी होती. फिर्यादी न्यायला आलेच नव्हते. त्या दिवशी ठाण्याचं दार दुरुस्त करायला एक सुतार आला होता. कारकुनानं ती फळी त्याला देऊन टाकली, खाली ठिगळ मारायला.

मी सही करत होतो. रंध्याचा आवाज आला, दोनदा. मग सुतार म्हणाला, "आयला, ह्ये भारी लाकूड कुठलं वो? वरनं मेल्यालं दिसतंय, आतनं काकवीगत हाय."

मी बाहेर गेलो. त्याच्या पायाशी पडलेल्या भुशात कुरळे, काळसर तपकिरी पापुद्रे होते. फळीवर रंधा फिरला होता तेवढा पट्टा ओल्या मातीसारखा गडद. मी ती फळी काढून घेतली आणि कारकुनाला दारासाठी दुसरी आणायला सांगितलं.

आठवड्यानं अक्रोडाची जमीन करणारा तो जुना सुतार शोधून काढला. शहराबाहेरच्या एका साईटवर स्लॅब ओतण्यासाठी सेंट्रिंगच्या फळ्या ठोकत होता. ज्या माणसाला लाकडाची रेष बोटांनी वाचता येत होती, तो सिमेंटनं माखलेल्या फळ्यांत खिळे मारत होता. मला ओळखलं. हातोडी खाली ठेवली नाही.

मी फळी पुढे केली. "तुमचं खरं होतं. माझी चूक झाली."

त्यानं त्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला. बराच वेळ.

"रंधा कुणी मारला?"

"दुसऱ्या एका सुतारानं."

"बरा मारलाय," तो म्हणाला.

"मी आप्पांना भेटतो. त्यांना स्वतः सांगतो."

"आप्पा गेल्याला तीन वर्सं झाली." त्यानं फळी परत माझ्या हातात दिली. "शेवटाला घशाला कोरड पडली हुती. मी पाण्याचा चमचा लावला तर तोंड फिरवलं. शेजारणीच्या हातनं प्याले."

लेखी माफीनामा देतो म्हणालो. वरिष्ठांना कळवतो म्हणालो. तो ऐकून घेत होता, जसा मी कधी त्याचं ऐकलं नव्हतं.

"कुणाला दावू साहेब त्यो कागद?" त्यानं विचारलं. वरून कुणीतरी सेंट्रिंगची फळी मागितली, तो गेला.

माफीनामा मी लिहिला, पोस्टानं पाठवला. पोच आली नाही. वरिष्ठांनी फाइल वाचून, प्रकरण तडजोडीनं मिटलंय, आता उकरण्यात अर्थ नाही, असा शेरा मारला. कागदोपत्री तो सुतार आजही फसवणारा आहे, आणि तो तपास माझ्या चांगल्या तपासांत धरला जातो.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. मी एवढंच सांगतो की त्या खोलीत खरं बोलणारे दोघं होते. एकाचं मी ऐकलं नाही, दुसऱ्याला पुरं बोलू दिलं नाही. मारहाण झाली नाही, नियम मोडला नाही, पंचनामा बिनचूक होता, तरी अन्याय झाला. हे समजायला मला पूर्ण नोकरी लागली आणि समजल्याचा कुणालाच उपयोग झाला नाही.

फळी माझ्या बैठकीत, प्रमाणपत्राखाली, खिडकीत आहे. रंधा मारलेला तो गडद पट्टा आता ऊन लागून पुन्हा फिका पडत चाललाय. यंदा तर बाकीच्या फळीत जवळपास मिसळलाय. परत दोन हात मारले की वर येईल, हे मला माहीत आहे. पण रंधा मला धरता येत नाही, आणि ज्याला येतो त्याला बोलवायचं तोंड माझ्याकडे नाही.