दाव्यांसकट

माझ्या पायाला तेव्हा भिंगरी होती आणि डोक्यात लॉरी.

महाडच्या बंदरावरून मीठ आणि कौलं बैलगाडीत भरून पोलादपूरकडच्या आतल्या वाड्यांवर आणायची, जाताना तांदूळ न्यायचा, हा वडिलांचा धंदा. साठच्या आसपासची गोष्ट, मी बावीस-तेवीसचा. हमरस्त्यावर लॉऱ्या धावू लागल्या होत्या. एखादी गेली की धूळ खाली बसेपर्यंत मी बघत राहायचो आणि जेवताना वडिलांच्या मागे लागायचो, "दोन वर्षांत बैलगाड्या बंद होतील. आत्ताच बैल विका, नंतर कुत्रं विचारणार नाय."

वडील भात कालवत म्हणायचे, "जातील रे गाड्या. पण कधी जातील, ते तुला ठाव हाय काय? दिवाळीनंतर बघू."

दिवाळीपर्यंत थांबतो कोण! वडील तळीयेला लग्नाला गेले आणि मी तुडीलच्या एका शेतकऱ्याला बोलावलं. वडिलांचा होकार आहे, असं खुशाल ठोकून दिलं. घाई इतकी की बैल गळ्यातल्या दाव्यांसकट त्याच्या हातात दिले. आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं घरात ठेवतात; ते गेलं तर गोठा रिकामाच राहतो, असं मानतात. घेणारा स्वतःचं दावं आणतो. त्यानेही आणलं होतं. ते खांद्यावर तसंच ठेवून तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, काय मागासलेला माणूस आहे!

वडील परतले, गोठ्यात जाऊन उभे राहिले.

"दावी पण दिलीस?"

एवढंच. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोन वर्षं गेली, चार गेली. लॉरी काही हमरस्ता सोडेना. आतल्या वाड्यांच्या वाटेवर ओढे होते, पूल नव्हते. तिथे बैलगाडीच लागायची. आमची गिऱ्हाइकं शेजाऱ्याने धरली आणि वडील त्याच्याच गाडीवर गाडीवान म्हणून राहिले. दुसऱ्याचे बैल हाकताना ते दिसले की मी वाट बदलायचो. लाज वाटायची. तरी लॉरीचा आवाज आला की बाहेर धावायचो, ही तरी आत वळेल म्हणून.

शेवटी पूल झाले, रस्ता झाला, बैलगाड्या बंद पडल्या. माझं खरं ठरलं. ते ऐकवायला वडील राहिले नव्हते.

परवा नातू असाच मागे लागला. घरचा डिझेलचा टेम्पो काढून त्याला विजेवरचा घ्यायचाय. "आजोबा, डिझेलचं संपलंच आता. गिऱ्हाईक उद्या येतंय. तुम्हीच सांगा, अजून किती वर्षं चालणार हे?"

विजेच्या गाड्या येणार, मला शंका नाही. पण मी विचारलं,

"टेम्पो चालवतो कोण?"

"बाबा."

"त्याला विचारलंस?"

तो मोबाईलमध्ये बघू लागला. मी हात पुढे केला आणि टेम्पोची किल्ली मागून घेतली.