अंबरचा कागद

डिमरकाकांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता बँकेशिवाय कुणी उरलं नव्हतं. एकतीस वर्षं नाट्यगृहाच्या मागच्या खुराड्यात बसून त्यांनी दिवे मंद-प्रखर केले. ज्या पेटीवरून ते काम चालतं तिला डिमर म्हणतात, म्हणून माणूसही डिमर. काकू त्याच नाट्यगृहाचा कपडेपट सांभाळायच्या. तिथेच जमलं. काकू सांगायच्या, ह्यांनी मला पहिल्यांदा नीट पाहिलं ते दुसऱ्याच बाईवर दिवा मारताना.

निवृत्त झाल्यावर माणसाने हात जरा आवरावेत. काकांना ते कधी जमलं नाही. कुणाच्याही घरी गेले की आधी छताकडे बघणार, मग यजमानाकडे. आणि छताकडे बघून झालं की नाक मुरडणार.

दोन महिन्यांपूर्वी काकूंच्या पित्ताच्या नळीजवळची गाठ काढली आणि काकू अर्ध्या होऊन घरी आल्या. निघताना डॉक्टरांनी एकच गोष्ट तीनदा सांगितली. रोज डोळे बघायचे. पांढऱ्यावर पिवळी झाक दिसली की नळी पुन्हा तुंबली असं समजायचं आणि त्याच दिवशी घेऊन यायचं, उद्यावर टाकायचं नाही. काकांना ती काळ्या दगडावरची रेघ. रोज सकाळी चहाच्या आधी ते अंगठ्याने काकूंची खालची पापणी ओढत, वाकून बघत, आणि डोळे पांढरे आहेत म्हणून हसत. त्या हसण्यावर दोघांचा दिवस निघे.

लेक लांबच्या गावी. तिला रजा मिळेना, तेव्हा तिने आईच्या खोलीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी बसवून दिली. आत खडक, खडकावर तपकिरी रंगाचं समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा समुद्रातला जीव, आणि त्याच्या बोटांत लोळणारे दोन केशरी-पांढरे जोकर मासे. त्यातली मादी आकाराने मोठी आणि नर तिच्या धाकात. काकूंना हे फार आवडलं. म्हणाल्या, सगळीकडे घरोघरी मातीच्या चुली. हळूहळू त्यांनी मनाशी एक करारच करून टाकला: फूल उघडलं की मी जेवणार. आणि खरोखर, फुलाने बोटं पसरली की त्या सूपची वाटी हातात घ्यायच्या. नाही पसरली की वाटी तशीच निवायची. वेडेपणा म्हणा, पण अन्न पोटात जात होतं. मग त्या फुलाच्या जिवाला काकांनी आपला जीव बांधून टाकला.

टाकीबरोबर आलेला दिवा निळसर पांढरा होता. काकांना तो पहिल्या दिवसापासून डोळ्यांत सलला. शवागारात असतो तसला उजेड, आणि तो थेट काकूंच्या तोंडावर. आठवड्याच्या आत त्यांनी तो भंगारात दिला. माळ्यावरून नाटकातला जुना दिवा काढला आणि त्याच्या तोंडाला अंबरचा कागद लावला. अंबर म्हणजे पिवळट केशरी, पारदर्शक कागद. ह्या कागदाच्या जोरावर काकांनी साठीच्या नट्या तिशीच्या केल्या होत्या. मग खोलीतला बल्बही त्याच रंगाचा आणला, आणि दिवसाचा उजेड आत येऊन सगळं बिघडवतो म्हणून पडदा कायमचा ओढून घेतला. जोकर पेटल्यासारखे दिसायला लागले. आणि काकूंच्या गालांवर, एवढ्या दुखण्यानंतर, रंग आला. काका दारातून बघत राहिले. त्यांना रडू आलं, ते त्यांनी लपवलं नाही.

महिन्याभरात फुलाचा तपकिरी रंग गेला आणि ते सोन्यासारखं दिसायला लागलं.

काकू म्हणाल्या, "बघा, उजळलं की हो."

दोघांनी कौतुक केलं. लेकीला फोटो गेला. तिनेही लिहिलं, किती छान.

मग उजळलेलं फूल आक्रसायला लागलं. बोटं आखडली, मधलं तोंड आ वासून राहिलं. एका सकाळी ते खडक सोडून काचेवर चढत दिव्याकडे निघालेलं दिसलं. जोकर रिकाम्या खडकावर घुटमळत राहिले. काकूंनी वाटीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. काकांनी फुलाला कोळंबीचा तुकडा दिला, तो त्याने टाकला. काकूंना चमचा दिला, त्यांनी तोंड फिरवलं. काका स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला दोन्ही हात टेकून उभे राहिले. कुठल्या देवाला काय कबूल करावं हेही त्यांना सुचेना. तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंची पापणी ओढून, डोळे पांढरे आहेत एवढा एक दिलासा घेऊन, शेजारच्या वहिनींना घरात बसवून ते टाकीच्या दुकानात धावले.

दुकानदारीणबाई फटकळ. गल्लीतले लोक तिला मासेवाली म्हणत आणि ती दर वेळी सुधारायची, की मी मासे खायला विकत नाही, पाळायला देते. काकांनी मोबाईलवरचा फोटो पुढे केला. तिने तो दूर धरला, जवळ धरला, परत दिला.

"ह्यात मला काहीच कळत नाही. सगळंच पिवळं आहे. दिवा कसला लावलाय?"

काकांनी सांगितलं. थोड्या अभिमानानेच सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला. त्या फुलाच्या अंगात डोळ्यांना न दिसणाऱ्या इवल्याशा वनस्पती राहतात, त्या उजेडावर अन्न रांधतात आणि फूल त्यावर जगतं, असं तिने समजावलं. त्यांना कडक आणि निळसर उजेड लागतो. रंग जाणं म्हणजे त्या वनस्पती जाणं. तुम्ही उजळलं म्हणता ते उपासाने पांढरं पडलंय, आणि तुमच्या कागदाखाली ते पांढरंही तुम्हाला सोनं दिसतंय.

तरी भिंतीवर लावलेल्या तीन दिव्यांखाली उभं केल्यावर त्यांनी सवयीने हात पुढे करून उजेड तळव्यावर घेतला, आणि सगळ्यांत मऊ होता त्याच दिव्याकडे बोट दाखवलं. बाईंनी दोरीला बांधलेलं मोजायचं यंत्र दुकानातल्या टाकीत सोडलं, तळाशी किती उजेड पोचतो ते आकड्यांत दाखवलं, आणि तिसराच, डोळ्यांना बोचणारा दिवा उतरवला.

"काका, हे नाटक नाही. दिवा बघणाऱ्यासाठी लावायचा नसतो, आत जो राहतो त्याच्यासाठी लावायचा असतो." मग ती जरा मऊ झाली. "आणि उपाशी माणसाला एकदम पोटभर वाढत नाहीत. पहिल्या दिवशी दोनच तास. मग थोडा थोडा वाढवा. जास्त झाला तर भाजून मरेल."

काका घरी आले तेव्हा अकरा वाजले होते. वहिनी आपल्या घरी गेल्या. काका स्टुलावर चढले, अंबरचा दिवा काढला, नवा बसवला. खोलीतला बल्बही बंद केला, दोन उजेडांची खिचडी नको म्हणून. दोनच तास, एकला बंद करायचा, असं काकूंना बजावून सांगितलं आणि खटका दाबला.

फूल कागदासारखं पांढरं होतं. इतकं पांढरं की त्यांना बघवेना. पण मेलं नव्हतं. एक बोट हललं. काका आनंदाने काकूंकडे वळले, तू पाहिलंस का असं विचारायला.

काकू पिवळ्या होत्या.

गाल, कपाळ, चादरीवरचे हात, हळद लावल्यासारखे. काका स्टुलावरून कसे उतरले त्यांनाच कळलं नाही. त्यांनी अंगठ्याने पापणी ओढली. आतला पांढरा भाग पिवळाधमक होता, आजचा नव्हे, कालचाही नव्हे. सगळंच पिवळं असलं की डोळा पिवळ्यालाच पांढरं धरून चालतो, हे नाटकवाल्यांच्या पहिल्या धड्यातलं. काकांनी ते कितीतरी नवशिक्यांना शिकवलं होतं.

रिक्षा, जिना, तपासणीची खोली. डॉक्टरांनी पोट दाबलं, नखं बघितली आणि किती दिवस झाले असं विचारलं. रोज बघतो एवढंच काका तीनदा म्हणाले.

"तीन आठवडे," काकू म्हणाल्या.

काका डॉक्टरांना सोडून त्यांच्याकडे वळले.

"न्हाणीघरात साधी ट्यूब आहे," काकू म्हणाल्या. "आरशात दिसायचं मला."

डॉक्टरांनी कागदावर भराभर लिहिलं आणि दाराबाहेर जाऊन परिचारिकेशी हळू आवाजात बोलले. तीन आठवड्यांपूर्वी आत नळी घालून वाट मोकळी करता आली असती, आता जंतू रक्तातच गेलेत, एवढं काकांच्या कानावर पडलं. पुढचं त्यांनी ऐकलं नाही.

"बोलली का नाहीस?" काकांनी विचारलं.

"तुम्ही रोज सकाळी माझे डोळे बघून हसायचात." काकूंना दम लागला. "ते हसू घालवायचा धीर होईना. वाटलं, उद्या सांगू."

परिचारिकेने सुई लावली, पट्टी चिकटवली, गेली. खिडकीबाहेर रणरणती दुपार होती. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून गेले होते. काकूंचंही तिकडे लक्ष गेलं आणि त्या उठून बसायला धडपडल्या.

"अहो, तो दिवा चालूच राहिलाय. दोनच तास म्हणाला होतात ना? फूल भाजेल. जा, बंद करून या, मी आहे इथे."

घर वीस मिनिटांवर. वहिनींकडे किल्ली नव्हती. काकांच्याच खिशात होती. त्यांनी खिशात हात घातला, किल्ली चाचपली आणि हात तसाच बाहेर काढला. मग लोखंडी स्टूल ओढून ते खाटेला चिकटून बसले, काकूंचा पिवळा हात दोन्ही हातांत घेतला आणि पहिल्यांदाच, न हसता, सरळ त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

"जळू दे," ते म्हणाले.