अण्णांच्या वाट्याचा कुकर

कुणी काही फुकट दिलं की अण्णा आधी बिल मागत. साबणाच्या चुऱ्यावर बादली मिळाली, तरी दुकानदाराला विचारत, "भिया, इसका टैक्स कौन भरेगा?" देवासच्या आमच्या कुकरच्या कारखान्यात विक्रीकर आणि भंगाराची विक्री ते पाहत. मी त्यांचा साहेब. कॅन्टीनमध्ये कुणी लाडू पुढे केला की देणाराच म्हणे, "अण्णा, रसीद बाद में देंगे." अण्णा हसत आणि लाडू खात.

नव्वदच्या दशकातली एक दिवाळी. मालकांनी कामगारांना एकेक कुकर द्यायचं ठरवलं. अण्णा माझ्या टेबलाशी आले. कुकर विकणार, या अटीवर आपण पत्रा करसवलतीत घेतो. फुकट वाटले तर पत्र्यावरचा कर भरावा लागेल, असं त्यांनी समजावलं. "वाटा की, साहेब. पण कर भरून वाटा. नाहीतर भेट सरकारच्या खिशातून झाली."

मालकांना नको असलेलं सांगायची माझी कधी हिंमत झाली नाही. कर न भरताच कुकर वाटले, आणि अण्णांना न विचारता मी ते फुटके दाखवून भंगारात टाकले. कागदावर.

पुढं इंदूरहून तपासणीला अधिकारी आले. फुटका माल कुठं आहे, म्हणाले. मी म्हणालो, "भंगार अण्णा विकतात. त्यांनाच विचारा."

अण्णांनी खरं ते सांगितलं. मग अधिकाऱ्यांनी कामगारांना विचारलं. घरोघरी त्याच कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, पण दिलेली वस्तू परत जाईल या भीतीनं कुणी तोंड उघडलं नाही. मालकांनी कर भरला आणि कुकर परस्पर विकल्याचा ठपका ठेवून, चोर म्हणून अण्णांना काढलं.

अण्णा धारला भावाकडे गेले, दुकानदारांचे हिशेब लिहू लागले. निवृत्त झाल्यावर एका दिवाळीला मी मिठाई घेऊन गेलो. त्यांनी डबा हातात घेतला.

"बिल आहे?"

"भेट आहे, अण्णा."

"तेव्हाही भेटच होती, साहेब."

अण्णांच्या पत्नीनं चहा दिला. चुलीवर पातेल्यात भात शिजत होता. डबा मी परत आणला.

आता अण्णा नाहीत. देवासला काही लोक अजून त्यांना कुकरचोर म्हणतात. त्याच कुकरमधला वरणभात खाऊन ज्यांची मुलं मोठी झाली, ते लोक. म्हणून लिहितो. "कर भरला की नेईन," असं म्हणून अण्णांनी स्वतःच्या वाट्याचा कुकर ऑफिसातल्या कपाटावर ठेवून दिला होता.

त्यांना काढल्यावर तो मी माझ्या घरी आणला.