बंबाचा रस्ता

"आन् मंग?"

नकाशावर दोन बोटं पायांसारखी चालवत काका रनवेच्या कडेपर्यंत यायचे, थांबायचे आणि मान वर करून एवढंच विचारायचे. काम संपत आलं की नेमका प्रश्न काढणारा एखादा माणूस तुमच्याही कचेरीत असेलच. आमच्याकडे तर त्यांना पगारच त्याचा होता.

धरमपेठेतल्या आमच्या कचेरीत विमानतळाच्या विस्ताराचे नकाशे निघत. आम्ही काढायचो, आणि त्यात उद्या कुठे कोणाचा जीव धोक्यात येईल ते हे सुरक्षा अधिकारी काका शोधायचे. रोज उमरेडहून एसटीने यायचे, घामाघूम, पण तोंडभर हसत. मला त्या हसण्याचा फार राग यायचा, खोटं कशाला बोलू?

एकदा मी टर्मिनलसमोर झकास कमळांचं तळं काढलं.

"सुंदर! आन् मंग?"

"मग काय? लोक फोटो काढतील."

"लोक येतीन, बगळेबी येतीन. इमान येऊन राहिलं, बाजूले हो बाप्पा, असं बगळ्याले कोन सांगन? तू?"

तळं गेलं. दोन दिवस मी तोंड फुगवून बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी डब्यातून सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, आणली. "घे वं पोरी, तळ्याचं सुतक फिटलं आता." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? मी चार वड्या खाल्ल्या.

मग माझा पहिला मोठा नकाशा आला. सहा महिने राबले होते मी त्यावर. तीन टप्प्यांचं काम, तीन मोठे कागद. शुक्रवारी मंजुरी, की लगेच टेंडर. आणि काकांच्या निवृत्तीला राहिला होता एक महिना. मी मनात म्हटलं, सुटले बाबा.

बुधवारी त्यांची बोटं दुसऱ्या कागदावर अडली.

"पोरी, इमानाले आग लागली त बंब कोठून जाईन?"

"हा काय रस्ता!"

"तो त तू नालीसाठी खोदून राहिली."

"अहो, मग हा नवा आहे ना!"

"तो तिसऱ्या टप्प्यात आहे."

मी कागद पुढे केले, मागे केले. प्रत्येक कागद आपापल्या जागी बरोबर होता. पण जुना रस्ता खोदल्यापासून नवा होईपर्यंत, कित्येक महिने, बंब एका बाजूला आणि रनवे दुसऱ्या बाजूला! चूक दिसत होती. कबूल करायला मात्र जीभ रेटेना.

आमच्या मोठ्या साहेबांनी हात झटकले. "तारीख पुढे जाणार नाही. रिस्क रजिस्टरमध्ये नोंद टाका, ठेकेदार बघून घेईल."

"ठेकेदाराले रस्ता खोदता येते साहेब, आग थांबवता येत नाही," काका म्हणाले. हसत नव्हते. "मी महिन्याभरात घरी जाईन. मंग हे कोन इचारन? मले फक्त एक घंटा द्या, खाली पार्किंगमंधी."

आणि मग जे झालं ते आठवून मी अजूनही एकटी हसते. काकांनी शेजारच्या क्रिकेटच्या मैदानातून चुन्याची पिशवी आणली आणि पार्किंगभर माझा नकाशा आखला. नकाशे काढणारी चार पोरं हातात हात घालून नाली झाली. टायपिस्ट बाई प्रवाशांची बस झाल्या आणि हौसेने हॉर्नही वाजवू लागल्या. मोठे साहेब विमान.

"पंख पसरा ना साहेब! थंडीनं आखडल्यावानी काहून उभे आहात?"

साहेबांनी पंख पसरले! समोसेवाला कढई सोडून बघायला आला.

"आन् तू बंब. आवाज काढ."

"आवाज?"

"बंब मुका असते का वं?"

मी ओढणी कमरेला खोचली. काका ओरडले, "पेटलं! डावं इंजिन पेटलं! पळ पोरी!" आणि मी टँव टँव करत सुटले. समोर नाली. डावीकडे बस. उजवीकडे भिंत. नालीतली पोरं हसून हसून वाकली, पण हात सोडतील तर शप्पथ! शेवटी मी फाटकातून बाहेर पडले, पानठेल्याला वळसा घातला, टँव टँव करतच मागच्या फाटकातून आत आले. केस सुटलेले, एक चप्पल गायब.

साहेब उन्हात एकटेच पंख पसरून उभे होते.

काकांनी अगदी हळू विचारलं, "साहेब, आतमंधी किती मानसं बसले होते?"

साहेबांचे हात खाली आले. नालीतल्या पोरांनी हात सोडले. माझ्या तोंडून एकदाचं निघालं, "चूक माझी आहे." साहेब म्हणाले, "नवा रस्ता आधी. तारीख गेली खड्ड्यात."

कुंपणाच्या तारेला लागून जाणारा तो नवा रस्ता मी पहिल्या टप्प्यात आणला. काका त्यावरून बोटं चालवत रनवेवर पोहोचले आणि लहान पोरासारखे खुदखुदले. महिनाअखेर ते उमरेडला गेले.

पुढे नाली खोदायला घेतली त्या आठवड्यात बंबाची चाचणी ठरली. मी फोन केला, "काका, या ना!"

"रिटायर मानसाले आत घ्यायचं? हाच मोठा धोका न वं!" म्हणाले आणि हसत बसले.

मी बंबात, ड्रायव्हरशेजारी, हातात घड्याळ. भोंगा वाजला, निघालो. वळण घेतलं आणि बघते तर तारेच्या पलीकडे काका! खांद्याला पिशवी, टाळ्या पिटत चक्क उड्या मारत होते. माझ्या तोंडात "थांबवा" आलंच होतं. त्यांनी ते ओळखलं असावं. दोन्ही हात पुढे ढकलत ते ओरडत होते, जा, जा, जा! बंब त्यांच्यासमोरून सुसाट गेला.

ठरलेल्या वेळेच्या आत पोहोचलो. मी उतरले आणि तशीच धावत तारेपाशी आले. पलीकडे पहारेकरी होता.

"इथे एक काका होते ना?"

"हव मॅडम, एक बुढा उड्या मारून राहिला होता. हटवलं त्याले. जाता जाता मलेच शाबासकी देऊन गेला. बसमंधी बसला बी."

तारेला दोन्ही हातांनी धरून मी रिकाम्या रस्त्याकडे बघत जीव खाऊन ओरडले, "काका! पोहोचलो! वेळेत पोहोचलो!"

पहारेकरी आता शिट्टी वाजवत मलाही हटवायला पुढे सरसावला.