विहारातला कॉम्प्युटर सुरू होईना

विहाराच्या अभ्यासिकेत कॉम्प्युटर बसवायचा ठरला तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. आईनंच परस्पर हो म्हणून टाकलं होतं. रविवारची वंदना आटोपून घरी आली, चपला काढता काढताच म्हणाली, "तुह्यं नाव सांगतलं मी. तू देशील ना करून?"

आम्ही राहतो वर्धा रोडकडच्या फ्लॅटमध्ये. आईचं सगळं मन मात्र उत्तर नागपुरातल्या जुन्या वस्तीत. बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रात ऑपरेटर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी त्या वस्तीत घर बांधलं, आणि ते गेल्यावर मी आईला माझ्याकडे घेऊन आले. तेव्हापासून दर रविवारी सकाळी ती पांढरी साडी नेसून ऑटोनं त्या वस्तीतल्या विहारात जाते. तिथल्या बायकांना माझ्याबद्दल काय काय सांगून ठेवलंय याचा मला अंदाज होता. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधते. आईच्या तोंडी त्याचं होतं, "माही पोरगी कम्प्युटर बनवते."

अभ्यासिका म्हणजे विहारामागची एक लांबट खोली. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुली तिथे दिवसभर बसतात. नवा कॉम्प्युटर परवडणारा नव्हता, म्हणून मी तळहातावर मावेल असा एक छोटा कॉम्प्युटर घ्यायला सांगितला. एकच हिरवी पट्टी, तिच्यावरच सगळं. मोबाईलसारखं मेमरी कार्ड त्यात घालायचं, आणि त्या कार्डावर लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी, कुणालाही फुकट घेता येते अशी प्रणाली. पडद्याच्या जागी कोणीतरी दिलेला जुना टीव्ही. सगळे सराव पेपर आणि शिकवण्यांचे व्हिडिओ त्यातच भरून ठेवायचे, म्हणजे नेट नसलं तरी मुलींचं अडणार नाही.

घरी मी तो महिनाभर जुळवत होते. व्हिडिओ आधी एका वेगळ्या हार्ड डिस्कवर होते, ती जोडूनच काम चाललं होतं. शेवटी सगळं कार्डावर उतरवलं आणि डिस्क सोडवून ठेवली. आई शेजारी बसून बघायची. मध्येच विचारायची, "झालं का वं?" आणि मी काही म्हणायच्या आत स्वतःच सांगायची, "होऊन राहिलं."

रविवारी वंदनेनंतर अभ्यासिकेत सगळ्यांना जमवलं होतं. विहार समितीच्या अध्यक्ष म्हणजे शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाई. मला त्यांनी शिकवलं नव्हतं, तरी त्यांच्यासमोर माझी पाठ आपोआप ताठ होते. त्या दोन वाक्यं बोलल्या. मग आईकडे हात करून म्हणाल्या, "यांच्या लेकीनं हे आपल्यासाठी केलं." टाळ्या वाजल्या. आई पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. टाळ्या आपल्याच आहेत असं तोंड करून बसली होती.

मी बटण दाबलं.

छोट्या कॉम्प्युटरवरचा लाल दिवा लागला. हिरवा थोडा लुकलुकला. टीव्हीवर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर वर सरकल्या आणि थांबल्या. आम्ही सगळे त्या पडद्याकडे बघत राहिलो. मी हसून म्हटलं, "पहिल्यांदा थोडा वेळ लागतो." तो वेळही गेला. मग आणखी दोन ओळी आल्या आणि पुन्हा सगळं गप्प.

मी बटण बंद करून परत लावलं. तेच. टीव्हीची केबल काढून घट्ट बसवली. मेमरी कार्ड काढलं, ओढणीला पुसलं, पुन्हा सरकवलं. तेच. मागे खुर्च्या करकरायला लागल्या. एक मुलगी दुसरीला काहीतरी म्हणाली, त्यावर ती हसली. कदाचित भलत्याच गोष्टीवर हसली असेल, पण माझे कान तापले. लोकांच्या कामातल्या चुका शोधण्याचा मी पगार घेते, आणि माझ्याच पडद्यावर इंग्रजीत काहीतरी स्पष्ट लिहिलेलं असताना मी ते वाचत नव्हते. जुन्या टीव्हीवर अक्षरं मुंगीएवढी दिसत होती हे खरं. पण जवळ जाऊन वाकून वाचता आलं असतं. तसं वाचणं म्हणजे मला येत नाही हे सगळ्यांसमोर कबूल करणं, असं तेव्हा वाटलं. म्हणून मी नुसतीच वायरी काढत आणि घालत राहिले. निदान काहीतरी करतेय असं दिसावं.

आईला ते बघवेना. ती उठली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तिचं काही चुकलं नाही बाई. इथलं व्होल्टेजच कमी आहे. आमचे हे आयुष्यभर खापरखेड्याले होते, मले समजते ना. लाईन बरोबर येऊन नाही राहिली."

सगळ्यांच्या नजरा भिंतीजवळ उभ्या असलेल्या काकांकडे वळल्या. वस्तीतले वायरमन काका. अभ्यासिकेचं सगळं वायरिंग त्यांनी नुकतंच करून दिलं होतं, तेही दान म्हणून. ते पुढे आले. "मी तं टेस्टर लावून पाहिलं होतं," ते चाचरत म्हणाले.

बाईंनी मला विचारलं, "वीज कमी पडली तर असं होतं का?"

वीज कमी पडली तर या कॉम्प्युटरवर पडद्याच्या कोपऱ्यात विजेची एक पिवळी खूण येते. ती आली नव्हती. हे मला माहीत होतं. आई माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "असू शकतं."

एवढंच. खोटंसुद्धा धड बोलले नाही मी.

बाईंनी सगळ्यांना विहारासमोरच्या मंडपात खीर घ्यायला पाठवलं. काका स्टूल घेऊन आले, मेन स्विच पाडला आणि स्विचबोर्ड उघडायला लागले. मी "मला लॅपटॉपवर बघायचंय" असं पुटपुटत शेजारच्या कोठीत गेले. तिथे सतरंज्यांची चळत होती, तिच्यावर बसले. खिडकीतून आईचा आवाज येत होता. ती बायकांना व्होल्टेज समजावून सांगत होती. घरी संध्याकाळी बल्ब पिवळा पडायचा तेव्हा बाबा काय म्हणायचे, तेही. बायका "हो ना" म्हणत होत्या.

शेवटच्या वेळी टीव्हीचा मी मोबाईलवर एक फोटो काढून ठेवला होता. तो आता मोठा करून पाहिला. ओळ अगदी साधी होती. अमुक डिस्कची वाट पाहिली, ती आली नाही, म्हणून पुढे जाता येत नाही.

ती डिस्क आमच्या घरी कपाटात होती.

या प्रणालीत, सुरू होताना कोणकोणत्या डिस्क जोडायच्या ते एका छोट्या फाइलीत लिहून ठेवतात. त्यात ती डिस्क मीच लिहिली होती, कामाच्या पहिल्या आठवड्यात. डिस्क काढून ठेवली आणि ती ओळ तशीच राहिली. त्यानंतर कॉम्प्युटर एकदाही बंद करून पुन्हा सुरू करून पाहिला नव्हता. ऑफिसात कोणी असं केलं असतं तर मी त्याला चार लोकांत विचारलं असतं, "एकदा रिस्टार्ट करून पाहायचं नाही का?"

सोबत काढून आणलेलं कार्ड लॅपटॉपमध्ये घातलं. ती फाईल लॅपटॉपला सरळ उघडता येईना, म्हणून सुरुवातीच्या आज्ञेत एक बदल केला, म्हणजे बाकी काही सुरू न करता कॉम्प्युटर नुसता लिहायची जागा उघडेल. परत अभ्यासिकेत आले. काका स्टुलावर उभे होते, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. आपल्या स्कूटरच्या डिक्कीतून नव्या वायरचं बंडल आणून त्यांनी जुनी वायर काढून टाकली होती. जुनी म्हणजे महिन्याभरापूर्वीची. खाली तिचे तुकडे पडले होते.

"बेटा, थोडं थांब," ते म्हणाले. "जाड वायर टाकून देतो. मंग लाव."

तेव्हा सांगायला हवं होतं. खोलीत आम्ही दोघंच होतो, एका वाक्याचं काम होतं. मी म्हटलं, "हो काका."

त्यांनी मेन स्विच चालू केला. ते स्विचबोर्डाचे स्क्रू आवळत होते तेवढ्यात मी कार्ड परत घालून कॉम्प्युटर लावला आणि त्या फाइलीतल्या माझ्या ओळीपुढे एक खूण टाकली. अशी खूण टाकली की प्रणाली ती ओळ वाचत नाही. मग आज्ञा पहिल्यासारखी केली आणि कॉम्प्युटर बंद केला. माझी पाठ त्यांच्याकडे होती.

तोवर लोक परत आले होते. बाई म्हणाल्या, "पाहा बरं आता." मी बटण दाबलं. ओळी सरकल्या, पडदा क्षणभर काळा झाला, आणि मग विहाराचा फोटो उमटला. तो मीच टाकला होता, दारातल्या कमानीचा. मुलींनी टाळ्या वाजवल्या. आई म्हणाली, "मी म्हणत नव्हती का!"

काका खाली उतरले. हात पुसले. आणि सगळ्यांसमोर, मुख्य म्हणजे माझ्यासमोर, हात जोडून म्हणाले, "माफ करजा. माह्याकडूनच चुकी झाली. पातळ वायर टाकली मी. पोरीले खालीपिली त्रास झाला."

त्या जोडलेल्या हातांकडे मला बघवेना. मी म्हटलं, "नाही काका. तुमची वायर चांगली होती. चूक माझी आहे. मी एक ओळ पुसायची विसरले होते. ती आत्ता काढली, म्हणून सुरू झाला. वायरचा काही संबंध नाही."

मला वाटलं होतं, बोलून टाकलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. बाईंनी चष्मा काढून पुसला. काका हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "चाला, वायर तशीबी बदलायचीच होती." ती बदलायची नव्हती, हे सगळ्यांनाच माहीत होतं. मग माझी नजर पहिल्या रांगेकडे गेली. आई खाली बघत होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. शेजारच्या बाईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिनं हळूच बाजूला केला.

परतताना ती माझ्या मागे स्कूटीवर बसली होती, पण नेहमीसारखा खांद्याला हात नव्हता. मागची दांडी धरून बसली होती. घरी आल्यावर तिनं साडी बदलली, जेवली नाही. दुपारी मी तिच्याजवळ जाऊन म्हटलं, "आई, ते काका हात जोडत होते. मी गप्प कशी बसणार?"

"आधी काहून गप्प बसली मंग?" ती म्हणाली. "मी बोलली तेव्हाच म्हणायचं होतं, आई, तुले नाही समजत, बस खाली. मले चाललं असतं. पोरीनं आईले म्हटलं तं काय होते? पण तू हो म्हणली. मंग मी साऱ्या बायांले सांगत बसली. तुह्या बाबाचं नाव घेऊन सांगतलं मी. तू खरी झाली. मी खोटी पडली. आन् ते मेलेले, तेबी खोटे पडले."

मी काकांची माफी मागायचा विचार केला होता, बाईंचीही. आईचा विचार केलाच नव्हता.

पुढच्या रविवारी तिनं गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. त्याच्या पुढच्याही. पांढरी साडी इस्त्री करून तशीच घडी घातलेली राहिली. मी एकटीच गेले, कारण मुलींना कॉम्प्युटरबद्दल काही विचारायचं होतं. काका भेटले. मी त्यांची नीट माफी मागितली, वायरीच्या पैशांचंही बोलले. ते म्हणाले, "सोड ना बेटा. तुही आई काहून नाही येऊन राहिली?" मी गुडघ्याचं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुढे काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मग एका बुधवारी मी ऑफिसातून आले तर आई घरी नव्हती. फोन उचलेना. अंधार पडायच्या आधी आली, घामाघूम. दोन ऑटो बदलून वस्तीत गेली होती. काकांच्या घरी.

"काय बोललीस?" मी विचारलं.

"बोलली जे बोलायचं ते," ती म्हणाली. "त्याच्या बायकोनं चहा केला."

"आणि?"

"आणि काय? तू आपलं पाह्य." तिनं पंखा लावला आणि खाली फरशीवर भिंतीला टेकून बसली.

रविवारी ती विहारात गेली. अजूनही जाते. अभ्यासिकेत मुली असतात, कॉम्प्युटर चालतो. बायकांमध्ये माझा विषय निघाला की ती आता काय सांगते, मला माहीत नाही. मी तिथे असले तर ती माझ्याबद्दल काहीच बोलत नाही. कुणी विचारलंच, तर म्हणते, "आहे, कंपनीत आहे." मी टीव्हीवरच्या कमानीच्या फोटोकडे बघत उभी राहते आणि काकांशी नजरानजर होऊ नये म्हणून खुर्च्या आवरायला लागते.