निजलेल्या पायाचा फोटो

फोटो दिव्यासमोर धरायचा, मान जराशी मागे न्यायची आणि म्हणायचं, "वा! काय सांधा बसलाय!" एवढ्यात साहेबांची तपासणी उरकलेली असे. ज्याच्या घोट्यात तो सांधा बसला होता, तो माणूस मागे बाकावर साहेबांची पाठ बघत राही.

आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली असतील. वर्ध्याच्या ज्या दवाखान्यात मी एक्स-रे काढायचो, तिथे हे हाडांचे साहेब आले. झिजलेला घोटा काढून धातू-प्लास्टिकचा सांधा बसवायची विद्या त्यांनी आणली, आणि तिच्याबरोबर तोराही. असे विद्वान तुम्हीही पाहिले असतील. त्यांना रोग आवडतो, रोग्याची मात्र अडचण होते. साहेबांना आपले निकाल एका मोठ्या परिषदेत वाचायचे होते. त्यासाठी दर सहा महिन्यांनी प्रत्येकाचा फोटो निघे, आणि रजिस्टरात नावापुढे एकच शब्द पडे: उत्तम.

फोटो पेशंटला निजवूनच काढायचा, असा हुकूम होता. निजलेला पाय गुणी दिसणारच. मला ते कळत होतं, तरी मी मुकाट्याने निजवत होतो. म्हणजे मीही काही धुतल्या तांदळासारखा नव्हतो.

देवळीच्या एक बाई होत्या. संधिवाताने गेलेला त्यांचा घोटा साहेबांनीच बदलला होता. जिनिंगमध्ये दिवसभर उभं राहून सरकी काढायच्या रेच्यात कापूस टाकायचं त्यांचं काम, आणि आता उभं राहवेना. मालक म्हणे, डॉक्टरची चिठ्ठी आण, बसायचं काम देतो. नाहीतर घरी बस.

"फोटो उत्तम आहे. तुम्हाला दुखायचं कारणच नाही," साहेब म्हणाले.

"कारन नसन साहेब, पन दुखते तं."

चिठ्ठी मिळाली नाही. बाहेर येऊन बाई मला म्हणाल्या, "भाऊ, रिकामी बैलबंडी पाहून तिचा आस वजनानं वाकते का नाही, कसं समजन? मले उभी करून काढ ना फोटो."

त्या दिवशी मी हुकूम मोडला. बाईंना लाकडी पाटावर उभं केलं आणि फोटो काढला. अंगाचं वजन पडल्यावर सांधा सरळसरळ एका बाजूला कलला होता.

साहेबांनी तो दिव्यासमोर धरला. 'वा' काही आलं नाही.

"उभं करायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

"बाईंनी," मी म्हणालो.

मग त्यांनी खुर्ची वळवली, बाईंचा धुळीने माखलेला पाय मांडीवर घेतला आणि हळूहळू चाचपून पाहिला. चिठ्ठी स्वतःच्या हाताने लिहिली: बसून करण्याचेच काम द्यावे. मला त्यांच्याबद्दल माया वाटली, खोटं कशाला सांगू.

ती माया संध्याकाळपर्यंत टिकली. रजिस्टर कपाटात ठेवताना पाहिलं, तर बाईंच्या नावापुढे साहेबांच्याच अक्षरात ओळ होती: "पुन्हा तपासणीस आली नाही." उभ्याने काढलेला फोटो पाकिटातून नाहीसा झाला होता. न आलेला पेशंट निकालात मोजायचा नसतो, तेव्हा परिषदेत सगळेच निकाल उत्तम ठरले, आणि वर्षभरात साहेब मोठ्या शहरात मोठ्या जागेवर गेले.

पुढे बाई आल्या, त्या पिशवीत संत्री घेऊन.

"साहेब कुठी गेले, भाऊ?"

मी सांगितलं. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली.

"चांगला मानूस होता. त्याच्या चिठ्ठीनं माह्यं काम वाचलं."

रजिस्टर टेबलावरच होतं. बाईंना वाचता येत नव्हतं, आणि मी काही वाचून दाखवलं नाही.