उभ्या गाडीचं तेल

काकूंनी गाडीची किल्ली पुढं केली तेव्हा मी ती लगेच घेतली नाही. हात पँटीला पुसला, परत पुसला, आणि म्हणालो, "काकू, दुसरं कुणी बघा ना. मला भीती वाटते."

"भीती वाटती म्हणूनच तुला देतीय," काकू म्हणाल्या. "ज्याला वाटत नव्हती त्यानं मागल्या साली माझं फाटक पाडलंय."

काकू म्हणजे माझ्या घरमालकीण. दिघीतलं जुनं घराणं. एकेकाळी शेती होती, आता त्या जागेवर खोल्या आहेत आणि त्यातल्याच वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत मी राहतो. मी हिंगोलीकडचा. नववीत शाळा सुटली, मग दोन-चार ठिकाणी फिरत चाकणला एका कंपनीत प्रेस शॉपला लागलो. इथं आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात तापानं पडलो, तेव्हा ताप उतरेपर्यंत काकूंनी जेवण कुणाच्या हाती वर पाठवलं नाही, स्वतः घेऊन आल्या. गुडघे दुखत असताना जिना चढून. ते माझ्या मनातून कधी गेलं नाही. माणूस परक्या गावात असला की असल्या गोष्टीचं ओझं होतं. चांगलं ओझं, पण ओझंच.

गाडी त्यांच्या मुलानं काकांसाठी घेतली होती. तो बंगलोरला इंजिनिअर आहे, मी त्याला दादा म्हणतो. काका वर्षभरही ती चालवू शकले नाहीत, गेले. नंतर एक ड्रायव्हर ठेवला, त्यानं फाटक पाडलं, तेव्हापासून गाडी पोर्चमध्ये उभी. काकूंना गाडी येत नाही. मी गावाकडे पिकअप चालवायचो, लायसन होतं, म्हणून काकूंचा डोळा माझ्यावर. दादाला ते फारसं पटलं नव्हतं. फोन स्पीकरवर होता आणि मी शेजारीच उभा होतो हे त्याला माहीत नव्हतं.

"आई, भाडेकरूच्या हातात गाडी? ओळख किती, काही विचार केलास का?"

"तुझी वळख तरी मला किती राह्यलीय? वर्सातनं दोनदा येतोस," काकू म्हणाल्या.

दादा हसला, पण शेवटी एवढं म्हणालाच की बरं, बघू, पण गाडीच्या सर्व्हिसिंगचे मेसेज माझ्या फोनवर येतात, काही वेडंवाकडं वाटलं तर मी ती विकून टाकणार. काकूंनी फोन ठेवला आणि बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. गाडी विकली तर काय, हे मला नंतर कळलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, माणला त्यांची थोरली बहीण असते. अक्का. पायानं अधू झालीय, घराबाहेर पडत नाही. दिघीहून माण म्हणजे दोन बस बदला, शेवटी रिक्षा शोधा, आयटीवाल्यांच्या ट्रॅफिकमध्ये अडका. काकूंच्या गुडघ्यांना ते झेपत नाही. गाडी हाच एक रस्ता होता अक्कापर्यंत जायचा.

म्हणून मी किल्ली घेतली. आणि त्या दिवसापासून माझी झोप थोडी कमी झाली.

पहिल्याच सर्व्हिसिंगला वर्कशॉपमधल्या मॅडमनी विचारलं, "सर, पुढचं सर्व्हिसिंग फिक्स ठेवायचं की व्हेरिएबल?"

मला सर म्हणणारं हे पहिलंच माणूस. त्यात प्रश्न असा. मी म्हटलं, "मॅडम, जरा सोपं करून सांगा."

त्यांनी सांगितलं. फिक्स म्हणजे वर्षातनं एकदा, गाडी चालो न चालो, आणायचीच. व्हेरिएबल म्हणजे गाडीतला कॉम्प्युटर आपण गाडी कशी वापरतो ते बघतो आणि तोच स्क्रीनवर सांगतो, अजून इतके किलोमीटर जाऊ दे, मग ये.

काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "मला काय कळतंय त्यातलं? दादाला इचार." दादाला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता, पण बोलला नीट. "अरे गाडी चालतेच किती? उगाच दरवर्षी चांगलं तेल फेकून द्यायचं का? माझ्या गाडीलाही मी व्हेरिएबलच ठेवलंय."

मला ते पटलं. पटण्याचं कारण कंपनीतलं होतं. आमच्याकडे प्रेसच्या डायला, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याला, मेंटेनन्स स्ट्रोकवर असतो. डाय किती वेळा खाली आली ते काउंटर मोजतो, आकडा भरला की डाय काढून टूल रूमला. डाय नुसती रॅकवर पडून असेल तर तिला कोण हात लावतो? मी मनात म्हटलं, गाडीचंही तेच. चालली तर झिजणार. मॅडमना सांगितलं, व्हेरिएबल.

मग मी त्या गाडीला जपायला लागलो. जपायला म्हणजे काय, तर चालवायचीच नाही. काकूंना भोसरीला डॉक्टरकडे न्यायचं, बाजारात न्यायचं, बस. एक किलोमीटर जास्त झाला तर वाटायचं की आपण दुसऱ्याचं काहीतरी वापरून टाकलं. मात्र गाडी बंद पडू नये म्हणून रोज सकाळी कंपनीची बस यायच्या आधी खाली उतरायचं, कव्हर काढायचं, गाडी चालू करायची, पाच मिनिटं उभ्या जागी घुरघुरू द्यायची, बंद करायची, कव्हर परत. आमच्या गल्लीत अशा बऱ्याच गाड्या उभ्या असतात आणि बरेच लोक हेच करतात. सकाळी दूध, पेपर आणि उभ्या गाड्यांची घुरघुर. समोरचे आजोबा तर मला बघून त्यांच्या सुनेला म्हणायचे, "बघ, हा पोरगा शिकलेला न्हाई, पण गाडीची काळजी बघ." ते ऐकलं की माझा दिवस चांगला जायचा.

माणला जायचं मात्र राहत होतं. काकू विषय काढायच्या नाहीत, कारण आमच्या कंपनीला सुट्टी गुरुवारी असते आणि एकच सुट्टी मिळते पोराला, ती आपल्या पायी कशाला खराब करायची, असं त्यांना वाटायचं. मी विषय काढायचो नाही, कारण नेऊ का म्हटलं तर याला गाडी फिरवायची हौस आलीय असं कुणाला वाटेल, असं मला वाटायचं. महिने गेले. अक्का फोनवर काकूंना विचारायची, "गाडी हाय ना गं दारात?" काकू म्हणायच्या, "हाय की. येते की." आणि फोन ठेवून तुळशीला पाणी घालायला जायच्या. पाणी आधीच घातलेलं असायचं.

एका सकाळी नेहमीसारखी गाडी चालू केली आणि स्क्रीनवरचा आकडा परत परत वाचला. सर्व्हिसिंगला अजून भरपूर किलोमीटर बाकी होते, ते एकदम उतरले होते. गाडी पोर्चमधून हललेली नाही, आणि आकडा उतरतोय. मी बंद करून परत चालू केली. तोच आकडा. दुसऱ्या दिवशी आणखी थोडा कमी. वाटलं, माझ्या हातानं काहीतरी बिघडलं. काकूंना सांगावं म्हणून दोनदा दारापर्यंत गेलो आणि पाणी पिऊन परत आलो.

सांगायची वेळच आली नाही. गुरुवारी दुपारी काकूंच्या फोनवर दादा, फोन नेहमीसारखा स्पीकरवर. मी ओट्यावर त्यांच्यासाठी शेंगा फोडत बसलो होतो.

"आई, गाडी कोण चालवतंय?"

"कोण म्हंजी? ह्योच. डाक्टरकडं न्हेतो."

"मग सर्व्हिसिंग एवढ्यात कसं आलं? मला मेसेज आलाय. गाडी नक्की कुठंकुठं जाते ते तुला तरी माहीत आहे का?"

शेंग माझ्या हातात तशीच राहिली. गाडी एकूण किती किलोमीटर चालली तो आकडा स्क्रीनवर शेजारीच दिसतो, तो दाखवला तर गाडी कुठं गेली नाही हे दोन मिनिटांत सिद्ध होतं, हे कुणालाही सुचलं असतं. मला सुचलं नाही. मला एवढंच दिसत होतं की गाडी जाणार, आणि काकू आता माझ्याकडे एकदा बघतील. त्या बघण्याची मला जास्त भीती होती.

काकूंनी बघितलं. मग फोनमध्ये म्हणाल्या, "गाडी कुठं जाती ते मला म्हाईत हाय. कुठंच जात न्हाई, त्येच तर दुखनं हाय. उद्या दाखवून आनतो. आनि हे बघ, पोराला शेंगा फोडायला बसवलंय, त्याच्या म्होरं असलं बोलू नको."

दादा हळूच म्हणाला, "तो तिथंच आहे का?"

"न्हाई, अमेरिकेला गेलाय," काकू म्हणाल्या आणि फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी सेकंड शिफ्ट होती, म्हणून सकाळीच वर्कशॉपला गेलो. काकू हट्टानं बरोबर आल्या. त्याच मॅडम होत्या. त्यांनी गाडीला वायर जोडली, टॅबवर काहीतरी बघितलं आणि मला विचारलं, "सर, तुम्ही गाडी रोज चालू करता?"

"हो मॅडम, रोज," मी म्हणालो. मला वाटलं, चला, निदान एवढं तरी चांगलं निघालं. "एक दिवस चुकवत नाही."

"आणि चालवून आणता?"

"नाही. उभीच. पाच मिनिटं."

मॅडम हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी बॉनेट उघडलं, तेल भरायचं झाकण फिरवून काढलं आणि आतली बाजू आम्हाला दाखवली. तिथं पिवळट साय धरली होती, दुधावर धरते तशी. इंजिन गार असताना चालू करून लगेच बंद केलं की आत पाणी सुटतं, त्यांनी समजावलं. इंजिन पुरतं तापलं तर ते उडून जातं. तापलंच नाही तर तेलात उतरतं, थोडं पेट्रोलही उतरतं, आणि तेल बिचारं न चालताच खराब होतं. कॉम्प्युटर नुसते किलोमीटर मोजत नाही, हे असलं चालू-बंदही बघतो. म्हणून आकडा उतरला.

"म्हंजी ह्यो रोज सकाळी तिला उठवत हुता," काकू म्हणाल्या, "आनि कुठं न्हेत नव्हता."

"अगदी तसंच, काकू."

"आवो, मग ती चिडणारच की!"

आता मॅडम हसल्या. मीही हसलो, पण डोळ्यात पाणी आलं होतं. इंजिनाला काही झालेलं नव्हतं. तेल बदललं की झालं. मला वाटलं होतं मी मोठं काहीतरी मोडलं, आणि निघालं एवढंच की मी काळजी चुकीच्या बाजूनं करत होतो. व्हेरिएबल ज्यांची गाडी रोज लांब पळते त्यांना बरं, मॅडम म्हणाल्या. ज्यांची बहुतेक उभीच असते त्यांना वर्षाचं फिक्सच बरं, कारण तेल दिवसांनीही जुनं होतं.

काकूंनी तिथूनच दादाला फोन लावला आणि मॅडमच्या हातात दिला. मॅडमनी सगळं परत सांगितलं. मी लांब जाऊन टायरच्या ढिगाजवळ उभा राहिलो. थोड्या वेळानं मॅडमनी हाक मारली. "सर, तुमच्याशी बोलायचंय त्यांना."

"ऐक," दादा म्हणाला. "माझी गाडी रोज एअरपोर्ट रोडला पळते रे, त्या हिशोबानं मी बोललो होतो. आणि काल जे बोललो ते... सोड. वाईट वाटून घेऊ नकोस. आता काय ठेवायचं, तूच सांग. गाडी तुझ्याकडे आहे."

आयुष्यात मला कुणी असं विचारलं नव्हतं. शाळा सोडायची तेही मी ठरवलं नव्हतं, गाव सोडायचं तेही परिस्थितीनंच ठरवलं. मी काकूंकडे बघितलं. त्या मुद्दाम भिंतीवरचं कॅलेंडर बघत होत्या.

"फिक्स ठेवू दादा," मी म्हणालो. "दरवर्षी दसऱ्याच्या आधी. खंडेनवमीला गाडीची पूजा होते, तेव्हा ती आतूनही धुतलेली असावी. आणि आणखी एक विचारायचं होतं. गाडीला दर आठवड्याला एकदा लांबवर न्यायला पाहिजे असं मॅडम म्हणतात, नीट तापेपर्यंत. तर मी गुरुवारी काकूंना माणला नेऊ का? अक्कांकडे?"

"हे मला कशाला विचारतोस?" दादा म्हणाला. "आईला विचार."

काकूंना विचारायची गरज पडली नाही. त्या कॅलेंडरकडे पाठ करून पर्स उघडून बसल्या होत्या आणि रुमाल शोधत होत्या.

गुरुवारी निघालो. काकूंनी डब्यात शेंगदाण्याची चटणी घेतली होती, अक्काला आवडते म्हणून. वाकडपर्यंत त्या डबा मांडीवर धरून बाहेर बघत होत्या, मग एकदम बोलायला लागल्या आणि थांबल्याच नाहीत. अक्का दारात खुर्ची टाकून बसली होती. बहिणीला बघून उठायचा प्रयत्न केला, उठता आलं नाही, तशीच हात पसरून म्हणाली, "आलीस व्हय गं? मला वाटलं मला पोचवायलाच येशील."

"गप बस. गाडी आजारी हुती," काकू म्हणाल्या.

"आनि ह्यो कोण?"

"ह्यो? ह्योच तर आजारी पाडत हुता तिला. जीव लावून."

अक्कानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आत हाक मारली, पोराला आधी जेवायला वाढा म्हणून. दोघी बहिणी संध्याकाळपर्यंत बोलत बसल्या. मी अंगणात गाडीपाशी होतो, इंजिनचा ताप अजून बॉनेटमधून हाताला लागत होता. निघताना अक्कानं काकूंचा हात धरून ठेवला आणि विचारलं माझ्याकडे बघून, "परत कवा आनशील हिला?"

मला नेहमी असल्या प्रश्नाला बघू, जमलं तर, असं म्हणायची सवय आहे. शब्द देताना भीती वाटते. पण या वेळी म्हणालो, "पुढच्या गुरुवारी, अक्का. दर गुरुवारी."